आधी एजंट पारखा, मग फ्लॅट बघा: पुण्यात घर घेणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

पुण्यात घर शोधणाऱ्याचा क्रम साधारण असा असतो. रात्री साडेदहाला अंथरुणात पडल्या पडल्या पोर्टलवर एक फ्लॅट आवडतो, नंबर टाकला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होईपर्यंत सात फोन येतात आणि त्यांतला जो गोड बोलतो तो आपला एजंट होतो. म्हणजे एजंट आपण निवडलेलाच नसतो, तो फ्लॅटबरोबर आलेला असतो. पुढे कागदांत काही निघालं की 'एजंटनं फसवलं' अशी बोंब होते. माझ्या पाहण्यात बऱ्याचदा त्यानं फसवलेलं नसतं. त्याला माहीतच नसतं.

माझ्या मावसबहिणीनं सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका रीसेल फ्लॅटसाठी ५१ हजार टोकन यूपीआयनं पाठवलं. आठवड्यानं वकिलांनी इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) काढला तर मालक म्हणून दोन भावांची नावं. व्यवहार करणारा एकच, दुसरा कॅनडात. एजंट म्हणाला, "ताई, ते आपण बघून घेऊ." बघितलं कुणीच नाही. पैसे परत यायला चार महिने लागले, तेही तीन तुकड्यांत. माणूस वाईट नव्हता. त्या फ्लॅटचा इंडेक्स टू त्यानं एकदाही उघडला नव्हता, एवढंच.

खालचा क्रम पाळा. पायऱ्या उलटसुलट केल्या तर पाचवी पायरी, जी सगळ्यात कामाची आहे, ती वाया जाते.

१. एजंटला फोन करण्याआधी स्वतःची फाइल तयार करा

तुमचं बजेट म्हणजे घराची किंमत नव्हे. समजा रीसेल फ्लॅट ७५ लाखांना ठरला. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीत मुद्रांक शुल्क मेट्रो सेस धरून ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३० हजार. वर दलाली आणि वकील. हे सगळं धरलं की आकडा ८१-८२ लाखांपर्यंत जातो. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारी दरपत्रकातली) किंमत यांतल्या जास्त आकड्यावर लागतं, हेही लक्षात ठेवा.

घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. इथे भले भले चुकतात.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर ५ टक्के जीएसटी धरा. ४५ लाखांपर्यंतच्या, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या फ्लॅटला १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकत घेतला तर जीएसटी नाही.

बँकेकडून कर्जाची तत्त्वतः मंजुरी आधीच घ्या. हातात ते पत्र असलं की एजंटची तुमच्याशी बोलण्याची पद्धत बदलते.

भाग जास्तीत जास्त दोन ठरवा. 'वेस्ट पुणे चालेल' म्हणणाऱ्याला बाणेरपासून वारज्यापर्यंत सगळं दाखवलं जातं आणि सहा रविवार पेट्रोलमध्ये जातात.

आणि एक जुनं सिमकार्ड घरात पडलं असेल तर घरशोधासाठी तेच वापरा. हा सल्ला ऐकून लोक हसतात आणि महिन्याभरानं आभार मानतात.

*तपासा:* सगळं धरून कमाल रक्कम, किमान कार्पेट (भिंतींच्या आतलं प्रत्यक्ष वापराचं क्षेत्रफळ) आणि ताबा कधीपर्यंत हवा, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून झाल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका.

२. तुम्हाला नेमका कुठल्या जातीचा एजंट हवा ते ठरवा

'एजंट' या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे धंदे आहेत.

नव्या प्रकल्पात भेटतो तो चॅनल पार्टनर. त्याचं कमिशन बिल्डर देतो, तुम्ही द्यायचं नसतं. त्यामुळे तो कुणाच्या बाजूनं बोलणार हे उघड आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, फक्त हे विसरू नका. साइटच्या ऑफिसात पहिल्यांदा गेल्यावर 'कुणाकडून आलात' हा रकाना भरून घेतात. तिथे ज्याचं नाव पडलं त्याच्या खात्यावर तुम्ही जमा. नंतर कितीही चांगला माणूस भेटला तरी त्या प्रकल्पापुरता तो तुमचा होणं अवघड. म्हणून उत्सुकतेपोटी कुणाहीबरोबर साइटवर जाऊ नका.

रीसेलसाठी गल्लीतला माणूस हवा. कोथरूडचा कोथरूडमध्ये, खराडीचा खराडीत. अख्ख्या पुण्यात काम करतो म्हणणारा बहुधा दुसऱ्या एजंटला फोन लावतो. मग तुमच्यात आणि मालकात दोन माणसं बसतात आणि दोघांनाही पैसे हवे असतात.

जमिनीचा आणि प्लॉटचा एजंट वेगळाच प्राणी आहे. त्याला सातबारा, फेरफार, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ (वर्ग २ ची जमीन विकायला सरकारी परवानगी लागते), बिनशेतीचा म्हणजे एनएचा आदेश ही भाषा यायला हवी. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. "घ्या हो, पुढे एनए होईल" असं म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

३. तीन नावांची यादी, पोर्टलशिवाय

ज्या भागात घर हवं तिथे शनिवारी संध्याकाळी पायी फिरा. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा की गेल्या वर्षात इथले फ्लॅट कुणी विकून दिले. वॉचमनला विचारा की कोणता एजंट चावी घेऊन येतो. इस्त्रीवाल्याला सगळं माहीत असतं. एकच नाव दोन वेगळ्या तोंडून ऐकू आलं की लिहून घ्या.

नातेवाइकानं सुचवलेलं नाव यादीत जरूर घाला, पण त्यालाही बाकीच्यांसारखंच तपासा. 'काकांच्या ओळखीतला' या एका कारणावर पुण्यात फार पैसे अडकलेले आहेत.

४. महारेराची नोंदणी बघा, आणि ती काय सांगत नाही तेही बघा

रेरा हा बांधकाम प्रकल्पांवर आणि एजंटांवर देखरेख ठेवणारा कायदा २०१६ चा, त्याखालचं महाराष्ट्राचं प्राधिकरण महारेरा १ मे २०१७ पासून. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटला स्वतःचीही नोंदणी लागते. एजंटचा क्रमांक 'ए' या इंग्रजी अक्षरानं सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'नं. कार्डावर 'पी'चा क्रमांक छापून 'मी रेरा रजिस्टर्ड आहे' म्हणणारे भेटतात. तो प्रकल्पाचा क्रमांक असतो.

क्रम असा:
- एजंटकडून क्रमांक मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर नाव खोडा.
- महारेराच्या संकेतस्थळावर तो स्वतः टाका. व्हॉट्सॲपवर आलेला प्रमाणपत्राचा फोटो पुरावा म्हणून धरू नका.
- मुदत बघा. नोंदणी पाच वर्षांची असते, नूतनीकरण राहिलेलं असू शकतं.
- नाव जुळतं का बघा. नोंदणी फर्मच्या नावावर आणि तुमच्याशी बोलणारा मुलगा तिथे महिन्याभरापूर्वी लागलेला, असं होतं.
- सक्षमता प्रमाणपत्र विचारा. महारेरानं एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. १ जानेवारी २०२४ पासून हे प्रमाणपत्र नसेल तर काम करता येत नाही.

*सावध:* जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट बहुधा रेराच्या कक्षेबाहेर असतो, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं नोंदणीशिवाय काम करणारे चांगले एजंटही आहेत. नोंदणी नाही म्हणजे माणूस खोटा असं नाही, पण भांडण झालं तर महारेराकडे जायची वाट नाही. अशा वेळी पुढच्या पायरीतल्या परीक्षेत त्याला दुप्पट गुण मिळवायला लावा.

५. पहिली भेट: उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारा

ही भेट एजंटच्या ऑफिसात किंवा चहाच्या टपरीवर घ्या, फ्लॅटमध्ये नको. फ्लॅट समोर असला की आपलं लक्ष खिडकीतल्या हवेकडे जातं.

भेटीआधी अर्धा तास गृहपाठ करा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला की नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स टू दिसतात. संकेतस्थळ संथ आहे, कॅप्चा दोनदा चुकतो. पहाटे बरं चालतं. तुम्हाला हव्या असलेल्या इमारतीतले गेल्या वर्षभरातले दोन-तीन व्यवहार टिपून ठेवा: क्षेत्रफळ, किंमत, तारीख.

मग विचारा, "या इमारतीत शेवटचा टू-बीएचके कितीला गेला?"

जाणकार एजंट आकडा सांगेल आणि वर पुस्ती जोडेल: तो तिसऱ्या मजल्याचा होता, मालकाला घाई होती. दुसरा म्हणेल, "सध्या रेट साडेआठ चाललाय." साडेआठ कशावर? कार्पेटवर की सेलेबलवर (कार्पेटमध्ये जिना, लॉबी वगैरेंचा वाटा मिळवून सांगितलेलं क्षेत्रफळ)? हा पुढचा प्रश्न. ६५० कार्पेटचा फ्लॅट ९०० सेलेबल सांगून ७२ लाखांना विकला तर सेलेबलवर दर ८ हजार दिसतो आणि कार्पेटवर ११ हजारांच्या वर जातो. जो आपणहून कार्पेटवर बोलतो त्याला एक गुण द्या.

यानंतरचे प्रश्न भागाप्रमाणे बदला.

सिंहगड रस्त्याला नदीकडच्या बाजूला घर बघताय? निळी आणि लाल पूररेषा (पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं त्याच्या नकाशावरच्या हद्दी) कुठून जाते ते विचारा. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा या इमारतीच्या पार्किंगमध्ये किती होतं ते विचारा. सहकारनगर, अरण्येश्वर भागात हाच प्रश्न आंबिल ओढ्याच्या सप्टेंबर २०१९ च्या पुराबद्दल. "इथे कधीच पाणी येत नाही" हे उत्तर ऐकलं की समोरच्या किराणा दुकानदाराला जाऊन विचारा.

तळवडे, निगडी, किवळे या पट्ट्यात देहूरोडच्या दारूगोळा कोठाराचा रेड झोन (बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा) आहे, हद्दीपासून दोन हजार यार्डांचा. तिथल्या एजंटला ती रेषा रस्त्यांच्या नावानिशी सांगता यायला हवी. बावधन, धायरी, आंबेगाव या टेकड्यांच्या बाजूला बीडीपीचं (जैवविविधता उद्यानाचं) आरक्षण विचारा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, तेव्हा 'चोवीस तास पाणी' म्हणजे टँकर किती आणि त्याचा मेंटेनन्सवर बोजा किती, हे विचारा.

रीसेलमध्ये माझा आवडता प्रश्न एकच: "ही सोसायटी आहे की अपार्टमेंट?"

पुण्यात दोन्ही प्रकार भरपूर आहेत आणि बाहेरून सारखेच दिसतात. सोसायटीत शेअर सर्टिफिकेट (सभासदाच्या भागांचा दाखला) असतं. अपार्टमेंटमध्ये ते नसतं, तिथे अख्ख्या इमारतीचं डीड ऑफ डिक्लेरेशन (घोषणेचा दस्त) आणि प्रत्येक फ्लॅटचं डीड ऑफ अपार्टमेंट (मालकीचा दस्त) असतं. अपार्टमेंटच्या फ्लॅटसाठी "शेअर सर्टिफिकेट मालकाकडून मागवतो" असं म्हणणारा एजंट मी स्वतः ऐकलाय. सोसायटी असेल तर पुढचा प्रश्न कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देण्याचा. ते झालेलं नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे आणि पुनर्विकासाच्या वेळी ते आडवं येतं. तिसरा प्रश्न हस्तांतरण शुल्काचा. महापालिका हद्दीतल्या सोसायट्यांना कमाल मर्यादा २५ हजार आहे. "लाख द्यावे लागतात, सगळीकडे तसंच आहे" हे उत्तर खरं असू शकतं, पण मर्यादा माहीत असूनही सांगत नाही की माहीतच नाही, ते ओळखा.

*तपासा:* सगळ्या प्रश्नांची उत्तरं येतीलच असं नाही. "हे मला बघून सांगावं लागेल" म्हणणारा आणि दुसऱ्या दिवशी खरंच कागदासह फोन करणारा एजंट मिळाला तर शोध थांबवा. सगळ्याला तिथल्या तिथे उत्तर देणाऱ्यापासून लांब राहा.

६. फ्लॅट दाखवताना त्याच्याकडे बघा

पहिल्या फेरीत फ्लॅटपेक्षा माणूस बघायचा आहे. कर्वेनगरला एका एजंटबरोबर गेलो होतो. आत शिरल्यावर त्यानं आधी स्वयंपाकघरातला नळ सोडला, मग बाथरूमचा, आणि दोन्ही चालू ठेवून धार बघत उभा राहिला. नंतर बेडरूमच्या कपाटामागच्या भिंतीवर हात फिरवला. ताजा रंग होता, हाताला गारवा लागला. "वरच्या मजल्याचं बाथरूम इथेच येतं," एवढंच बोलला. फ्लॅट त्याच्याच यादीतला होता, विकला असता तर दलाली त्यालाच मिळाली असती. पुढच्या दोन्ही व्यवहारांना आम्ही त्यालाच बोलावलं.

उलट खुणाही ठरलेल्या आहेत. दिवे आधीच लावून ठेवलेले, पार्किंग दाखवायला वेळ नाही, शेजाऱ्याशी बोलू लागलं की "चला मॅडम, पुढची पार्टी थांबलीय." पार्किंगचं नीट विचारा. करारात क्रमांकासह लिहिलेलं आहे की सोसायटी 'देते'? उघड्यावरचं पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, तरी त्याचे पैसे मागितले जातात.

दुसरी भेट वेगळ्या वेळी घ्या. हिंजवडी, वाघोलीकडे असाल तर कामाच्या दिवशी सकाळी नऊला. 'मेट्रो दोन मिनिटांवर' असेल तर चालत जाऊन या, घड्याळ लावून.

७. दलालीचं बोलणं आधी आणि लेखी

रीसेलमध्ये पुण्यात खरेदीदाराकडून साधारण १ ते २ टक्के घेतात. ७५ लाखांवर हा फरक पाऊण लाखाचा आहे, तेव्हा लाजू नका. व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुरे, पण त्यात हे सगळं हवं:

- टक्के किती, आणि कोणत्या रकमेवर
- जीएसटी आत की वर (एजंटची जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के)
- तो विकणाऱ्याकडूनही घेतोय का
- किती रक्कम कधी: माझ्या मते निम्मी करार नोंदल्यावर, उरलेली ताबा मिळाल्यावर
- व्यवहार फिसकटला तर दलालीचं काय

नुसता फ्लॅट दाखवण्याचे पैसे मागणाऱ्याला नाही म्हणा.

८. टोकन: क्रम चुकला की इथेच चुकतो

"अजून दोन पार्ट्या तयार आहेत, आज टोकन टाका" हे वाक्य तुम्ही ऐकणारच. खरं असेल तर फ्लॅट जाऊ द्या. टोकनच्या आधी एजंटनं तुमच्यासमोर ठेवायचे कागद असे: सध्याच्या मालकाचं नोंदणीकृत खरेदीखत किंवा करारनामा आणि त्याचा इंडेक्स टू, आधीच्या खरेद्यांची साखळी, भोगवटा पत्र (इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला), शेअर सर्टिफिकेट किंवा डीड ऑफ अपार्टमेंट, मालमत्ता कराची आणि विजेची शेवटची पावती, आणि कर्ज असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र. मूळ कागद कुणाकडे आहेत, हा प्रश्न तोंडी विचारा. 'बँकेत' म्हणाला तर कोणत्या, हे लिहून घ्या.

इंडेक्स टूवरची सगळी नावं आणि तुमच्यासमोर बसलेली माणसं मोजा. आकडा जुळला नाही तर थांबा. बहिणीच्या प्रकरणात हे दोन मिनिटांचं काम होतं. शिवाय तिथे आणखी एक घोळ पुढे होता. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदारानं १ टक्का टीडीएस कापायचा असतो, तसं एजंटनं सांगितलंही होतं. पण विकणारा अनिवासी भारतीय असेल तर हा नियम लागू होत नाही, कपात बरीच जास्त असते आणि कमी कापली तर जबाबदारी खरेदीदारावर येते. कॅनडातल्या भावाचा हिस्सा त्यात मोडत होता.

वकील तुमचा हवा, एजंटनं आणलेला नको. सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) किमान ३० वर्षांचा मागा. टोकन चेकनं किंवा बँकेतून, थेट मालकाच्या खात्यात, आणि विसार पावतीवर 'कागदपत्रांत दोष आढळल्यास रक्कम अमुक दिवसांत परत' ही ओळ हवीच.

*सावध:* रोखीचा आग्रह धरला तर उठा. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तुमच्या हातात पावतीही राहत नाही. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. चॅनल पार्टनर 'ऑफर संपतेय' म्हणून २० टक्के भरायला सांगत असेल तर त्याला हा नियम माहीत नाही, किंवा चांगलाच माहीत आहे.

९. नोंदणीच्या दिवशी आणि नंतर

हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीच्या दिवशी एजंट हजर हवा. आदल्या रात्री दस्ताचा मसुदा स्वतः वाचा: नावांचं स्पेलिंग, फ्लॅट क्रमांक, कार्पेट, पार्किंग. तिथे टोकन क्रमांकाची वाट बघत वाचायला घेतलं तर काही सुचत नाही. बोटांचे ठसे आणि फोटो झाले की इंडेक्स टूची प्रत घेऊनच निघा.

राहिलेली दलाली अजून तुमच्या हातात आहे. ती देण्याआधी मालमत्ता कराला आणि वीजमीटरला तुमचं नाव लावायचे अर्ज त्याच्याकडून भरून घ्या. घर पुणे महापालिकेच्या हद्दीत असेल आणि तुम्ही स्वतः राहणार असाल तर करातल्या ४० टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्जही भरायचा असतो. न सांगता ज्यानं तो आणून दिला, त्याचा नंबर जुन्या सिमकार्डावरून तुमच्या रोजच्या फोनमध्ये घ्या.